पाचाड-पोलादपूरकडील राजपुरुषांच्या समाधी व त्यांचा पुरावा

विलायतेंत व अमेरिकेंत एकेका परगण्याच्या दफनभूमींत कोणकोण राजकारणी पुरुष पुरलेले आहेत, याच्या याद्या करण्याची एक चाल आहे. नांव, जन्म, मरण, भूषविलेला अधिकार व थडग्याचें ठिकाण, एवढ्या रकान्यांत माणूस बसतो. अशी एक यादी पाहून आमच्या परिचयाच्या एका तरुण संग्राहकानें आम्हांस लिहिलें कीं, महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांपुरती तरी अशी यादी आपल्याकडे कां नसावी? सूचना चांगली होती. आम्हीं कागद पुढें ओढून रकानेहि आंखले; परंतु शेवटच्या रकान्यापाशीं येतांच हात थांबला. तिकडे थडग्याखालीं देह असतो व वर नांव असतें. आमच्याकडे चौथऱ्याखालीं देह नाहीं, आणि वर बहुधा नांवहि नाहीं. मग त्या रकान्यांत काय लिहावयाचें, आणि जें लिहूं तें खरें कशावरून मानावयाचें, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

प्रथम शब्दाचा निकाल लावूं. समाधि हा शब्द मूळचा योगशास्त्रांतला. ज्ञानेश्वरांनीं शके १२१८ त आळंदीस समाधि घेतली असें आपण म्हणतों, तेथें तो शब्द आपल्या मूळ अर्थाच्या जवळ आहे. संन्याशाच्या देहास अग्नि देत नाहींत, तो भूमींत ठेवितात. म्हणून त्याच्या ठिकाणास समाधि म्हणणें सार्थ आहे. पुढें हाच शब्द ज्यांचें दहन झालें त्यांच्या चौथऱ्यासहि लागला, आणि समाधि ‘घेणें’ व समाधि ‘बांधणें’ यांतला भेद बोलण्यांत बुजला. माळव्याकडे याच वास्तूस छत्री म्हणतात. आपल्याकडे कोठें नुसता चौथरा, कोठें वर तुळशीवृंदावन, कोठें पादुका, कोठें शिवलिंग, अशी ही एकच वस्तु नाना रूपांनीं दिसते. ज्या ज्ञातींत पुरण्याचीच चाल आहे त्यांची गोष्ट अर्थात् निराळी.

तथापि दहनानंतर चौथरा बांधण्याची रीत अलीकडची आहे असें मात्र कोणीं समजूं नये. आश्वलायन गृह्यसूत्रांत अस्थि वेंचून कुंभांत घालण्याचा व तो कुंभ खड्ड्यांत ठेवण्याचा विधि आहे. शतपथब्राह्मणाच्या तेराव्या कांडांत तर श्मशानवास्तूचा सविस्तर विचार केलेला आहे. देवपक्षाचे लोक ती चौकोनी करितात, असुरपक्षाचे व पूर्वेकडचे लोक वाटोळी करितात, असें तेथें सांगितलें आहे. उंचीचींहि मापें दिलीं आहेत: क्षत्रियाची हात वर केलेल्या पुरुषाएवढी, ब्राह्मणाची मुखापर्यंत, स्त्रीची कटीच्या खालीं, वैश्याची मांडीपर्यंत, शूद्राची गुडघ्यापर्यंत. मरणांतहि मापपट्टी सुटली नाहीं, हें पाहून वाचकांस हंसूं येईल; आम्हांसहि शाळेंत शिकवितांना तें येई. परंतु त्याच प्रकरणांत एक आज्ञा अशी आहे कीं, ही वास्तु लवकर करूं नये. पुष्कळ काळ लोटल्यावर, किती वर्षें झालीं याचें स्मरणहि लोकांस उरलें नाहीं, अशा वेळीं ती करावी. इतिहाससंशोधकाच्या डोकेदुखीचें मूळ इतकें जुनें आहे! ज्या वेळीं वर्ष विसरलें जातें त्या वेळीं दगड उभा राहतो, आणि मग त्या दगडास आपण वर्ष विचारतों.

आतां पाचाड. रायगडाच्या पश्चिम पायथ्याशीं, महाडापासून सुमारें २५ किलोमीटरांवर हें गांव आहे. गडावरचा थंड वारा मातुश्रींच्या वृद्ध शरीरास मानवेना, म्हणून शिवछत्रपतींनीं त्यांच्यासाठीं खालीं वाडा बांधविला, असें परंपरेनें सांगतात. वाड्याचा भक्कम तट अजून उभा आहे. आंत तक्क्याची विहीर आहे; तिच्या कांठच्या दगडी तक्क्यास टेकून जिजाबाई बसत व बाजारास जाणाऱ्या लोकांशीं बोलत, असें गांवकरी सांगतात. राज्याभिषेक झाला तो ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजीं. त्यानंतर अकरा दिवसांनीं, ज्येष्ठ वद्य ९ बुधवारीं, १७ जून रोजीं, जिजाबाई पाचाडास वारल्या. (हे दिनांक जुन्या इंग्रजी पंचांगाचे आहेत, नव्या पंचांगानें त्यांत दहा दिवस मिळवावे लागतात. संग्राहक मंडळी या दहा दिवसांत फार घोटाळा करितात. म्हणून कागदांवर तिथीच आधीं पाहावी व दिनांक मागाहून काढावा, हें बरें.)

या दहा दिवसांचा येथें एक उपयोगहि आहे. नव्या पंचांगानें तो दिवस २७ जूनचा येतो. कोंकणांतील भर पावसाळा तो. रायगडाच्या घळींतून येणारें पाणी ज्यानें त्या दिवसांत पाहिलें आहे, त्यास सांगावयास नको कीं, अशा वेळीं देह दूरच्या तीर्थावर किंवा नदीसंगमावर नेण्याचा विचार कोणी करणार नाहीं. दहन वाड्याच्या जवळच झालें असलें पाहिजे. समाधि पाचाडांतच, वाड्यापासून थोड्या अंतरावर दाखवितात, ही गोष्ट त्यामुळें परंपरेच्या बाजूनें जाते. हा पुरावा नव्हे, अनुमान आहे. पण पावसाचें अनुमान बखरीच्या अनुमानाहून आम्हांस अधिक विश्वासाचें वाटतें.

या एका कुटुंबाच्या समाधी कोठकोठें पडल्या आहेत तें पाहण्यासारखें आहे. जिजाबाईंचे पिते लखुजी जाधवराव १६२९ सालीं देवगिरीस निजामशाही दरबारांत पुत्रपौत्रांसह मारले गेले. त्यांची भव्य समाधि वऱ्हाडांत सिंदखेडराजा येथें आहे. पति शहाजीराजे १६६४ त शिकारींत घोड्यावरून पडून वारले; त्यांची समाधि कर्नाटकांत होदिगेरे येथें. वडील पुत्र संभाजी कनकगिरीस पडले. सून सईबाई १६५९ त राजगडीं वारल्या. त्यांची समाधि गडाखालीं पाली येथें दाखवितात. आणि धाकटे पुत्र स्वतः छत्रपति, ते चैत्र शुद्ध १५ शके १६०२ (३ एप्रिल १६८०) रोजीं पाचाडाच्या डोक्यावर रायगडीं. वऱ्हाडापासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या या चौथऱ्यांत पित्याचा चौथरा सर्वांत मोठा आहे व ज्या कन्येनें राज्य उभें राहिलेलें पाहिलें तिचा लहान आहे. पिता जहागीरदार होता, त्याच्या मागें बांधणारे हात व निवांत काळ होता. कन्येच्या मागें काय आलें तें पुढें सांगतों.

१६८९ सालीं रायगड मोंगलांच्या हातीं गेला. पुढें तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होता, व १७३३ सालीं मराठ्यांकडे परत आला. म्हणजे ४४ वर्षें गड व त्याखालचा मुलूख परक्यांच्या अमलाखालीं होता. या ४४ वर्षांत गडावरच्या व पाचाडच्या चौथऱ्यांवर दिवा कोणीं लाविला? सरकारांतून तर तो लागणें शक्य नव्हतें. १६७४ त जो मुलगा पंधरा वर्षांचा होता, तो १७३३ पर्यंत जगता तर चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. असे दोन-चार म्हातारे पाचाडांत असणें असंभवनीय नाहीं, आणि त्यांनीं बोट दाखवून ‘ही ती जागा’ म्हणून सांगितलें असेल, तर परंपरेची सांखळी एका कडीनें जुळते. म्हणून परंपरेस उडवून लावणारे जे कांहीं नवे पंडित आहेत त्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. पण ज्या म्हाताऱ्यानें बोट दाखविलें असेल त्याचें स्मरण सरकारी कागदांत उतरलें कोठें, हें पाहणें आपलें काम आहे.

तें उतरतें तें दिवाबत्तीच्या हिशेबांत. आमच्या मतें समाधीचा खरा पुरावा तिच्या दगडांत नसून तिच्या तेलांत आहे. शकावली मृत्यूची तिथि सांगते. दहनाच्या जागेवर चौथरा कोणीं बांधला हें सांगणें तिचें काम नव्हे. बखर पुष्कळ सांगते, पण ती बहुधा मागाहून लिहिलेली असते. परंतु अमुक समाधीस नंदादीपाचें तेल, नैवेद्याचे तांदूळ, पुण्यतिथीस ब्राह्मणभोजन, झाडलोट करणाऱ्या गुरवास जमिनीचा तुकडा, असा खर्च ज्या फर्दींत लागतो, ती फर्द लिहिणाऱ्या कारकुनास इतिहासाची फिकीर नसते. त्यास फक्त जमाखर्च जुळवावयाचा असतो. म्हणूनच त्याचा शब्द खरा. कोणत्या सालीं कोणत्या गांवीं कोणाच्या नांवें दिवा जळत होता, हें तो सहज सांगून जातो.

असे कागद तीन ठिकाणीं सांपडतात. एक पुण्याचें पेशवे दप्तर. तेथील रायगडच्या कागदांची योग्यता शां. वि. आवळसकर यांच्या ‘रायगडची जीवनकथा’ या ग्रंथावरून कोणासहि कळेल. दुसरे इनाम कमिशनचे कागद: १८५२ च्या कायद्यानें इनामदारांस आपापला हक्क शाबीत करणें भाग पडलें, तेव्हां पुजाऱ्यांनीं व मठांनीं सनदांच्या नकला व कैफियती दाखल केल्या. या चौकशीनें अनेकांचें इनाम गेलें, पण त्यांच्या देवाचा व पूर्वजाचा पुरावा मात्र कागदीं राहिला, हें विचित्र म्हटलें पाहिजे. तिसरें ठिकाण म्हणजे खोतांचीं, कुलकर्ण्यांचीं व गुरवांचीं घरें. आणि हेंच सर्वांत नाजूक आहे.

याविषयीं आमचा एक अपराध येथें कबूल करितों. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं घाटाखालच्या एका गांवीं एका वृद्ध बाईंनीं माळ्यावरचा मोडी कागदांचा रुमाल आमच्यापुढें सोडला. आम्ही तेव्हां शिक्क्यामोर्तबाचीं पत्रें शोधीत होतों. रुमालांत तेलवातीचे, नारळांचे व तांदळांचे वर्षानुवर्षांचे हिशेब होते. आम्हीं ते उलटसुलट करून, ‘यांत इतिहासाचें कांहीं नाहीं, आजी,’ असें सांगितलें व रुमाल पूर्ववत् बांधून दिला. कांहीं वर्षांनीं त्याच गांवच्या एका चौथऱ्याविषयीं, तो कोणाचा, असा वाद निघाला. आम्ही धांवत गेलों. आजी वारल्या होत्या, व रुमाल रद्दींत गेला होता. त्यांच्या नातवानें आम्हांस नम्रपणें आमचेंच वाक्य ऐकविलें. तो वाद अजून मिटलेला नाहीं, आणि तो मिटविणारा कागद आमच्या हातांतून गेला, हें आम्हांस विसरतां येत नाहीं.

पोलादपूर तालुक्यांतील उमरठें हें दुसरें महत्त्वाचें ठिकाण. तानाजी मालुसरे माघ वद्य ९ शके १५९१ (४ फेब्रुवारी १६७०) च्या रात्रीं सिंहगडावर पडले. त्यांची समाधि सिंहगडावर आहे आणि उमरठ्यासहि आहे. तेथेंच शेलारमामांचीहि दाखवितात. देह ज्या वाटेनें कोंकणांत उतरविला तोच मढे घाट, असें लोक सांगतात. एका पुरुषाच्या दोन समाधी पाहून यांतली खोटी कोणती, असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. प्रश्नच चुकीचा आहे. वर सांगितलेल्या विधीप्रमाणें दहन एके ठिकाणीं, अस्थि दुसरे ठिकाणीं, आणि पतनाच्या जागेवर स्मारक, असें होऊं शकतें. यूरोपीय यादीच्या एका रकान्यांत हें बसत नाहीं, एवढाच त्याचा दोष. उलट महाडचे मुरारबाजी देशपांडे १६६५ त पुरंदरावर पडले. त्यांचें स्मरण पुरंदर करितो. जन्मगांवच्या यादींत त्यांस घालावें कीं पतनभूमीच्या, हें यादी करणारानें आधीं ठरविलें पाहिजे.

खुद्द पोलादपुरांत कवींद्र परमानंदांची समाधि आहे. आमच्यासारख्या संस्कृतावर पोट भरलेल्या माणसास येथें थोडें अधिक रेंगाळावेंसें वाटलें तर वाचक क्षमा करतील. हे मूळचे नेवाशाचे. शिवछत्रपतींचें चरित्र संस्कृतांत ‘शिवभारत’ या नांवानें यांनीं रचिलें. स. म. दिवेकर यांनीं तें संपादून १९२७ सालीं प्रसिद्ध केलें. ३१ अध्याय पुरे व बत्तिसावा आरंभींच, अवघ्या नऊ श्लोकांवर, तुटलेला, असा तो ग्रंथ उपलब्ध आहे. परमानंद राजकारणी पुरुष नव्हते, म्हणून यादींत घेऊं नयेत, असें आमचा तरुण मित्र म्हणेल. पण ज्यानें राज्याची बाजू त्या काळच्या पंडितभाषेंत मांडली तो राजकारणाबाहेरचा कसा? शिवाय गोसाव्याच्या समाधीस येथें मूळचा अर्थ आहे, आणि गोसाव्यामागें मठ राहतो. मठाबरोबर शिष्यपरंपरा, इनाम व कागद राहतात. राजाच्या समाधीस वारस गादी देते, आणि गादी हलली म्हणजे दिवा विझतो. मठ त्या मानानें चिवट. संग्राहकांनीं सरदारांच्या वाड्यांइतकेंच मठांकडे लक्ष द्यावें, तें याचसाठीं.

आणि ज्यास यूरोपीय अर्थानें थडगें म्हणतां येईल असें प्रसिद्ध स्थळ पाहूं गेल्यास पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून प्रतापगडाखालीं जावें लागतें. तेथें १६५९ त मारला गेलेला विजापूरचा सरदार अफझलखान पुरलेला आहे. ज्याचा धर्मच पुरण्याचा, त्याचा रकाना विनासायास भरतो.

आतां रायगडावर चढूं. छत्रपतींची समाधि जगदीश्वराच्या देवळाच्या पूर्वेस, महाद्वाराबाहेर. जोतें काळ्या पाषाणाचें, अष्टकोनी; शतपथाच्या चौकोनांतहि नाहीं आणि वाटोळ्यांतहि नाहीं. जगदीश्वराच्या देवळाजवळ संस्कृत शिलालेख आहे. त्यांत देवालयाच्या उभारणीचा शक असून रायगडाचें बांधकाम करणाऱ्या हिराजीचें नांव आहे. पायरीवरहि त्याच हिराजीनें आपलें नांव सेवकभावानें कोरलें आहे. म्हणजे बांधणाऱ्याचें नांव दगडावर दोनदां, आणि कांहीं पावलांवर धन्याच्या चौथऱ्यावर त्या काळचें एक अक्षर नाहीं. याच्या उलट नाणेघाटांत सातवाहन राजकुलाच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. त्यांत सिमुक, नायनिका, सातकर्णि यांचीं नांवें मूर्तींच्या वर आहेत. दोन हजार वर्षांत मूर्ती झडून गेल्या, नांवें वाचतां येतात. भासाच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या प्रतिमानाटकांत भरतास पित्याचें मरण कळतें तें मृत राजांच्या प्रतिमागृहांत पित्याची प्रतिमा पाहून. प्रतिमेनें मरण सांगण्याची ती रीत आपल्याकडे पुढें कां टिकली नाहीं, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१८१८ च्या वेढ्यांत तोफांच्या माऱ्यानें गडावर आग लागली व १० मे रोजीं गड इंग्रजांस मिळाला. त्यानंतर समाधीची जी आबाळ झाली ती जेम्स डग्लस यानें १८८३ च्या आपल्या पुस्तकांत लिहिली, आणि ती वाचून इकडे लोकांच्या मनास लागली. १८९५ पासून लोकमान्य टिळकांनीं चळवळ केली व १८९६ त गडावर उत्सव झाला. विसाव्या शतकांत जीर्णोद्धार होऊन समाधीस आजचें रूप आलें. हें सर्व योग्य झालें. परंतु त्याच्याच शेजारीं १९३६ सालीं होळकरांच्या देणगीनें वाघ्या कुत्र्याचें स्मारक उभें राहिलें. एका पिढींतच पाहणारे तेंहि सतराव्या शतकाचें समजूं लागले. पुढें त्यावरून जे तंटे झाले, पुतळा काढला गेला व पुन्हां बसला, त्यांत आम्ही पडत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, १९३६ चा दगड ऐंशी-नव्वद वर्षांत जर एवढा भ्रम करितो, तर तीनशें वर्षांच्या चौथऱ्यावर डागडुजी करणारानें किती जपावें! (शाहूछत्रपतींच्या कुत्र्याची समाधि साताऱ्याजवळ माहुलीस आहे, ती व ही एकत्र करूं नये.)

जपावें म्हणजे काय, तेंहि सांगतों. पाचाडास आज समाधीभोवतीं बांधीव आवार आहे. लहान गांवांतील चौथऱ्यांवर मात्र भक्तिभावानें सिमेंट, फरशी, रंग व संगमरवरी पाटी चढते. पाटीवर नव्या माहितीप्रमाणें नांव व तारीख येते. आणि ती पाटी पुढच्या संशोधकास मूळ पुरावा म्हणून दाखविली जाते. जोत्याचे जुने चिरे, त्यांची घडण, चुन्याचा थर, वरील झिजलेली पादुका किंवा लिंग, हें सर्व झांकलें जाण्यापूर्वीं मापून, छायाचित्र काढून, दिशा लिहून ठेवणें हें एका दुपारचें काम आहे. २०२५ च्या जुलैंत रायगड व प्रतापगड हे दोन्ही जागतिक वारशाच्या यादींत गेले. त्यामुळें गडांवर देखरेख वाढेल. पायथ्याच्या वाडीवस्तींतील चौथऱ्यांवर मात्र गवंड्याची थापीच वाढण्याचा संभव आम्हांस अधिक दिसतो.

आमच्या मित्राची यादी आम्हीं अखेर पुरी केली नाहीं, पण तिचे रकाने बदलले. ‘थडग्याचें ठिकाण’ हा रकाना खोडून त्या जागीं चार केले: पतन कोठें, दहन कोठें, चौथरा कोठें दाखवितात, आणि दिवाबत्तीचा सर्वांत जुना कागद कोणत्या सालचा. रुमाल सोडतांना नंदादीप, नैवेद्य, पुण्यतिथि, वृंदावन, गुरव, समाधि यांपैकीं एकहि शब्द ज्यावर आढळेल तो कागद, मग तो अर्ध्या शेर तेलाचा कां असेना, बाजूस काढून ठेवावा व त्याची नक्कल संपादकांकडे धाडावी, अशी संग्राहकांस विनंति आहे. अफझलखानाच्या ओळीपुढें चौथा रकाना काय भरावयाचा, असें मित्रानें उलट टपालीं विचारिलें आहे. कबरीलाहि दिवा लागतो, असें आम्हीं त्यास कळविलें.